मेव्हणा नसलेला डिटेक्टिव्ह

दुःख ही माणसाच्या वाट्याला आलेली सर्वांत खोल गोष्ट आहे. तिचा तळ ऋषिमुनींना लागला नाही, तत्त्ववेत्त्यांना लागला नाही, आणि काळाखेरीज तिच्यावर दुसरं औषध नाही. आमच्याकडं मात्र तिच्यावर दुपारच्या खेळाची तिकिटं काढतात.

हे मी थट्टेनं सांगत नाही. कृष्णाकाठच्या आमच्या गावांत, इकडं साताऱ्याच्या बाजूला काय आणि तिकडं सांगलीच्या बाजूला काय, घरातलं माणूस गेलं आणि तेरावं आटोपलं की पाहुणे दुखवटा काढायला येतात. अंगावर नवे कपडे घालतात, गोडाचं जेवू घालतात आणि जीपमध्ये बसवून सिनेमाला नेतात. शहरातल्या माणसांना हे ऐकून गंमत वाटते. पण जरा विचार करा. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात पहिल्यांदा हसायचं कुणी, हा फार अवघड प्रश्न असतो. सून हसली तर लोक म्हणतात, सुटली एकदाची. मुलगा हसला तर म्हणतात, सातबाऱ्यावर नाव लागलं वाटतं. थेटरात अंधार असतो. तिथं सगळे एकदम हसतात आणि पहिलं कोण हसलं हे कुणालाही सांगता येत नाही. ही रीत ज्यानं काढली त्याचं नाव कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण माणूस हुशार असणार.

माझे शेजारी नानासो निकम यांचा दुखवटा मात्र काही केल्या निघेना.

नानासो पलटणीतून रिटायर झालेले. मिलिटरी पोलिसात हवालदार होते. त्यांची बायको मंगलवहिनी पौषात गेल्या. सकाळी पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत होत्या, जरा पडते म्हणाल्या आणि पडल्या त्या पडल्याच. नानासो रडले नाहीत. तेराव्याच्या पंगतीला वाढपी गर्दी करत होते, त्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, शेवटचा पाहुणा फाट्यापर्यंत पोचवला आणि परत येऊन ओट्यावर बसले. त्यानंतर ते बसलेलेच होते. बोलणं बंद झालं असं नाही, पण बोलण्यात एकच शब्द उरला होता. जेवायला वाढू का? बघू. उसाला पाणी सोडायचं का? बघू. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं का? बघू. न्हाई म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बघू म्हणणाऱ्यापुढं काय करायचं? तो तर तुमच्याच बाजूचा असतो.

यात अडकली होती त्यांची नात शिवांजली. तिची सोयरीक मंगलवहिनींनीच जमवली होती, वीरधवल नावाच्या पलटणीतल्या मुलाशी. मुलगा सरहद्दीवर, सुट्टी वैशाखात. आमच्यात घरातलं वडीलधारं माणूस गेलं की घरचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वीरधवलला वैशाखानंतर लांब सुट्टी कधी मिळेल हे त्याच्या साहेबालाही माहीत नव्हतं. म्हणजे लग्न या वैशाखात, नाहीतर तीन वर्षांनी, आणि तीन वर्षं मुलगा बिनलग्नाचा ठेवायला त्याच्या घरचे तयार नव्हते. माणसं चांगली होती, त्यांनी तसं स्पष्ट म्हटलं नाही. एका पाहुण्याकरवी दुसऱ्या पाहुण्याच्या कानावर घातलं.

शिवांजलीला आईबाप होते, पण त्या घरात नानासोंच्या शब्दाशिवाय म्हैससुद्धा विकली जात नसे. आणि दुखवटा निघाल्याशिवाय नानासोंपुढं लग्नाचा शब्द काढायचा कसा? एकदा ती पोरगी माझ्याकडं आली आणि आबांना तुम्ही तरी सांगून बघा म्हणाली. मी ओट्यावर जाऊन, पावसापाण्याचं बोलून, मग हळूच विषय काढला. नानासोंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी नानासोंच्या थोरल्या बहिणीनं, बनुबाईंनी, सूत्रं हातात घेतली. बनुबाई औंधला दिलेल्या, पण आता बरीच वर्षं भावाकडंच राहतात. रीतीभातीच्या बाबतीत आमच्या गावात त्यांच्यावर अपील नाही. त्यांनी मंगलवहिनींच्या भावाला, बाळासोंना, पलूसकडून बोलावून घेतलं. दुखवटा काढायचा पहिला मान माहेरचा.

बाळासो हे दुखवट्याच्या कामातले जाणकार. त्यांचा चुलतसासरा वारला तेव्हा मलकापूरच्या त्या घरातल्या बायका त्यांनी असल्या विनोदी सिनेमाला नेल्या होत्या, की चुलतसासूला हसून हसून उचकी लागली आणि ती घरी जाईपर्यंत थांबली नाही. तेव्हापासून सांगलीकडच्या त्यांच्या भावकीत कुणी गेलं की तिरडीच्या आधी बाळासोंना फोन जातो, असं लोक म्हणतात. लोक वाढवून सांगतात. तिरडीच्या नंतर जातो.

तर बाळासो शुक्रवारी जीप घेऊन आले. नानासोंसाठी धोतर, शर्ट, टोपी असा पोशाख आणला होता. याआधी ते दोनदा येऊन बघू ऐकून परत गेले होते, त्यामुळे या वेळी ते बोललेच नाहीत. ओट्यावर नानासोंच्या शेजारी बसून राहिले. दोघंही समोरच्या गोठ्याकडं बघत होते. गोठ्यातल्या म्हशीलाच शेवटी अवघड वाटायला लागलं असावं, ती तोंड फिरवून उभी राहिली. मग बनुबाई बाहेर आल्या.

"नाना, मंगलच्या म्हायारचा मान हाय ह्यो. ती हुती तवा तिच्या भावाला कवा उपाशी धाडला न्हाईस. आता तिच्या माघारी दारातनं धाडतोस व्हय?"

नानासोंनी यावर बघू म्हटलं नाही. उठले आणि आत जाऊन शर्ट बदलून आले. शिवांजलीनं टोपीची घडी मोडून हातात दिली. जीपमध्ये एक जागा शिल्लक होती, तिच्यात शेजारी म्हणून मला घातलं.

वाटेत चौकशी केली तेव्हा कळलं की सिनेमा हिंदी आहे. बाळासोंच्या मनात एक मराठी विनोदी होता, पण तो गुरुवारी उतरला. मग थेटराबाहेरच्या पोस्टरवरून त्यांनी दुसरा पसंत केला. पोस्टरवर एक उंच माणूस लांब कोट घालून उभा होता, हातात छत्री आणि मागं लाल दुमजली बस. बाळासोंचा हिशेब साधा होता. आयुष्यभरात त्यांनी जेवढे हिंदी सिनेमे बघितले, त्यातली माणसं परदेशात फक्त गाणं म्हणायला गेली होती. घरात भांडण, गावात मारामारी, आणि गाणं लागलं की एकदम बर्फ नाहीतर हिरवळ. हा तर म्हणे अख्खाच्या अख्खा परदेशातला. म्हणजे गाण्यांना तोटा नसणार. शिवांजलीनं मागच्या सीटवरून मोबाईल बघत सांगितलं की लोकांनी याला पाचातल्या दोनच चांदण्या दिल्यात. दोन काय कमी हायत व्हय, असं बाळासो म्हणाले, आणि जीप कराडच्या पुलावर चढली.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर अंधार होता. बराच वेळ आम्हाला वाटलं मशीनचा दिवा बारीक झालाय, आणि मागून कुणीतरी ऑपरेटरला तसं ओरडून सांगितलंही. पण अंधार मुद्दाम केलेला होता. त्या अंधारात पाऊस पडत होता, आणि पावसात तो कोटवाला उभा होता. छत्री हातात होती, पण मिटलेली. तो इंग्लंडातल्या कुठल्याशा गावात डिटेक्टिव्ह होता, आणि भिजत का होता, तर त्याची बायको वारली होती.

मी बाळासोंकडं बघितलं. बाळासो पडद्याकडं बघत होते, पण त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला होता.

पुढचा अर्धा तास मी तुम्हाला थोडक्यात सांगतो. सिनेमानं थोडक्यात सांगितला नाही, पण त्याची शिक्षा तुम्हाला कशाला. त्या माणसानं दाढी केली नाही. उभ्याउभ्या डब्यातलं गार काहीतरी खाल्लं. बायकोनं कधीतरी फोनवर ठेवलेला निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. निरोप येताना दूध आण एवढाच होता. मग खिडकीतून बाहेर बघितलं. मग खिडकीच्या बाहेरून आत बघणारा तो दाखवला. गाणं एक होतं, पण ते तो म्हणत नव्हता, पाठीमागून दुसरंच कुणीतरी म्हणत होतं आणि त्या माणसालाही बरं वाटत नसावं. तिथल्या कालव्यात एका तरुणाचं प्रेत सापडलं होतं, त्याच्याकडं कुणाचं फारसं लक्षच नव्हतं.

आमच्या रांगेत कुणी हलत नव्हतं. बायको मेलेल्या माणसाला बायको मेलेल्या माणसाचा सिनेमा दाखवायला आणणं, तेही मेव्हण्यानं, पोशाख करून, याच्यासाठी आमच्या रीतीत शब्दच नाही. बाळासो खुर्चीत इतके खाली घसरले होते की मागच्या रांगेतल्या बाईंनी त्यांचे आभार मानले असतील.

तेवढ्यात पडद्यावरच्या माणसानं कपाट उघडलं. आत एक पितळी डबा होता. त्यावरून त्यानं हात फिरवला. त्यात बायकोची रक्षा आहे, आणि ती सोडायला त्याचा जीव होत नाही, असं तो घरमालकिणीला सांगू लागला. घरमालकीण गोरी होती, पण हिंदी फर्डं बोलत होती.

बनुबाईंना हिंदी यथातथाच कळतं. पण डबा कळला.

"आगं बया. आजून घरात ठिवलीया?" त्या म्हणाल्या. हळू बोलायची त्यांना सवय नाही. "मग ती कशी सुटायची, आन् ह्यो कसा सुटायचा? ह्येचा दुखवटा काढाय कोण आलं न्हाई वाटतं. मेव्हणा न्हाई का ह्येला?"

पुढच्या दोन रांगा हसल्या. आमची रांग हसली नाही, पण मघाशी जी ताठ झाली होती ती जरा सैल झाली. आणि खरं सांगायचं तर त्या एका वाक्यात सिनेमाचं सगळं गुपित उघडं पडलं होतं. त्या माणसाला कुणी नव्हतं. तो इतका शहाणा, इंग्लंडचे पोलीस त्याला विचारून पाऊल टाकणार, पण त्याच्या दारात जीप घेऊन येऊन बसणारा एक माणूस त्या सबंध देशात नव्हता. मग तो खून शोधील नाहीतर काय करील?

खुनाचा तपास मात्र पुढं सरकला. कालव्याकाठी सुरी सापडली. डिटेक्टिव्हनं ती उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि बायकोची आठवण काढली.

"हातमोजं कुठं हायत?"

हा आवाज थेटरात परेडच्या मैदानावर यावा तसा आला. मी दचकलो. बाळासो खुर्चीतून वर आले. पडद्याकडं बोट रोखून नानासो बसले होते. पौषापासून आतापर्यंत या माणसानं कुणाला प्रश्न विचारला नव्हता.

पडद्यावरून उत्तर आलं नाही. नानासोंना त्याची सवय नसावी. पलटणीत असताना त्यांनी विचारलं की समोरचा टाचा जुळवून उत्तर देत असे. ते थोडे पुढं सरकून बसले आणि मग थांबलेच नाहीत. पंचनामा कुणी केला? जागेला दोरी का बांधली नाही? प्रेत ज्यानं पहिल्यांदा बघितलं त्याची जबानी कुठं आहे? डिटेक्टिव्हनं भिंतीवर फोटो लावून मध्ये लाल दोरे ताणले तेव्हा बनुबाईंनी हे वाळत काय घातलंय म्हणून विचारलं, तर नानासोंनी त्यांना ते काय असतं, ते कसं लावायला हवं होतं आणि या माणसानं कसं उलटं लावलंय हे सगळं समजावून दिलं. मागच्यांनी शुक् केलं. नानासोंनी मागं वळून हिंदीत, बिलकुल गलत काम चल रहा है, असं सांगितलं. मागचे त्यावर गप्प झाले. बहुधा त्यांनाही तसंच वाटत असणार.

मग पाठलाग आला. संशयित पळत सुटला, डिटेक्टिव्ह मागं. ऐन चौकात डिटेक्टिव्हला बायकोचा निरोप आठवला आणि तो रस्त्याच्या मधोमध आकाशाकडं बघत उभा राहिला. तिकडं संशयिताची बस आली नव्हती. तो बिचारा समोरच्याच थांब्यावर उभा राहून वाट बघत होता. पळणारा उभा, धरणारा उभा, आणि दोघांच्या मध्ये पाऊस.

आमच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळीच हसली, शिवांजली तर ओढणीत तोंड घालून. पहिलं कोण हसलं ते मी सांगणार नाही, कारण अंधारातलं बाहेर सांगायचं नसतं. एवढंच सांगतो की माझ्या डाव्या हाताला नानासो होते आणि उजव्या हाताला भिंत.

मध्यंतरात बाळासोंनी मला सामोशाच्या काउंटरच्या आडबाजूला ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. सिनेमातल्या माणसाची बायको मेलीया, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, माझ्याही लक्षात आलंय ते. आत्ता दाजी रंगात आहेत तोवर उठून निघून जाऊ, पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक, असा त्यांचा बेत होता. ते हे कुजबुजत सांगत होते, पण बनुबाई पाठीशी येऊन उभ्या होत्या.

"अर्ध्यातनं उठलं की दुखवटा अर्धाच निघतो," त्या म्हणाल्या. "उरलेला पोरीच्या लग्नात येऊन बसंल."

हे कलम आमच्या रीतीत आधी होतं की ते त्याच क्षणी सामोशाच्या कढईपुढं तयार झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण कायदा असाच होत असतो. बाळासोंनी मान खाली घातली आणि सगळ्यांना सामोसे वाटले.

नानासो सामोसा हातात घेऊन खटल्याचा निकाल देत होते. त्यांच्या मते खुनी ती घरमालकीण. जेवलास का, जेवलास का म्हणून एवढ्यांदा विचारणारी बाई सरळ नसते. बनुबाई त्यांना रोज तेच विचारतात. त्यांनी नानासोंच्या हातातल्या सामोशाकडं असं काही बघितलं की नानासोंनी तो मुकाट्यानं खाल्ला. सबंध खाल्ला. शिवांजली ते बघत होती. मग तिनं पटकन पाठ फिरवली आणि पुढच्या आठवड्याच्या सिनेमाचं पोस्टर वाचायला लागली.

उत्तरार्ध पूर्वार्धासारखाच होता, फक्त पाऊस जास्त होता. खुनाचा माग लागत लागत डिटेक्टिव्ह समुद्राकाठच्या एका लहानशा घरापाशी आला. दार वाजवलं. आतून पावलं ऐकू आली. नानासो घरमालकीण बाहेर यायची वाट बघत होते.

दार उघडलं, आणि दारात त्याची बायको उभी होती.

ती मेलेलीच नव्हती. विम्यासाठी मेल्याचं सोंग केलं होतं, आणि कालव्यातला तरुण ते ओळखून होता म्हणून त्याला तिनंच मारलं होतं. हे सगळं तिनं नंतर सावकाश सांगितलं. पण आमच्यापैकी कुणी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. दार उघडलं त्या क्षणापासून आमच्या रांगेत श्वास थांबला होता. पडद्यावर ती बाई चौकटीला हात टेकून उभी होती, हातात चहाचा कप, नवऱ्याकडं बघून जरा हसत, आणि म्हणत होती, मला माहीत होतं तू येशील.

गेलेलं माणूस दार उघडून उभं राहिलं. घरी ओट्यावर बसून नानासो पौषापासून दुसऱ्या कशाची वाट बघत होते? बाळासोंनी डोळे मिटून घेतले होते. मी नानासोंकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा पांढरा दिसत होता. बराच वेळ ते त्या बाईकडं बघत राहिले. मग बोलले, पण मघाच्या आवाजात नाही. शेजारच्याला सांगावं तसं.

"मंगल असलं करणार न्हाई."

ते अजून पडद्याकडंच बघत होते.

"तिला खोटं जमायचंच न्हाई. पत्त्यात राणी आली तरी तोंडाव दिसायची. ती गेली म्हंजे गेली."

आणि नवी टोपी काढून त्यांनी ती तोंडाला लावली. त्यांचे खांदे हलायला लागले. पौषातलं, तेराव्याचं, ओट्यावरचं, सगळं त्या टोपीत चाललं होतं. बनुबाईंनी अंधारातच हात लांब करून त्यांच्या पाठीवर ठेवला.

"रड बाबा," त्या म्हणाल्या. "तिकीट काढलंय."

पडद्यावर डिटेक्टिव्ह बायकोला बेड्या घालताना रडत होता. तो कसा रडला हे मी सांगू शकत नाही, कारण आम्ही कुणीच तिकडं बघत नव्हतो.

बाहेर आलो तर ऊन तसंच होतं. नानासोंनी तोंड धुतलं, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि जीपमध्ये पुढं जाऊन बसले. बाळासो गाडी सुरू करायला घाबरत होते. ते पुन्हा पुन्हा दाजी, माझी चूक झाली म्हणत होते आणि नानासो पुन्हा पुन्हा गाडी काढा म्हणत होते. त्यांच्यात हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण बनुबाईंना एकदम शंका आली.

"आरं, बाई जित्ती हाय. मग त्या डब्यात काय हुतं?"

खरंच, सबंध सिनेमाभर तो माणूस ज्याच्यावरून हात फिरवत होता त्या डब्यात काय होतं, हे सिनेमावाल्यांनी सांगितलंच नव्हतं. बाळासो म्हणाले चुलीतली राख असेल. शिवांजली म्हणाली, तिकडं चूल नसते. नानासोंनी रीतसर प्रश्न उपस्थित केला की डिटेक्टिव्ह असून त्यानं डबा एकदा तरी उघडून का बघितला नाही, आणि अशा माणसाला इंग्लंडात पगार कोण देतं. मलकापूर येईपर्यंत तीच चर्चा चालली होती. एवढी चर्चा त्या सिनेमाला दुसऱ्या कुठल्या गावात लाभली नसेल.

मलकापुरात हमरस्त्याच्या कडेला एका जेवणाच्या हॉटेलात बाळासोंनी टेबल सांगून ठेवलं होतं. गोडाला बासुंदी होती. दुखवट्याच्या जेवणात मुख्य तीच असते. बाकीचं कितीही खाल्लं तरी चालतं, पण ज्याचा दुखवटा त्यानं गोड तोंडात घातलं की मगच सुटलं म्हणायचं.

ताटं आली. नानासोंनी वरण-भात खाल्ला, भाकरी खाल्ली, वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. बासुंदीची वाटी होती तिथंच होती. टेबलावरचं सगळं बोलणं त्या वाटीभोवतीनं चाललं होतं, पण तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. शिवांजलीचं ताट तर जसंच्या तसं होतं. बनुबाई तोंडानं भाव काय झालेत ते बोलत होत्या आणि डोळ्यांनी भावाचा हात राखत होत्या.

हात धुवायच्या बेताला नानासो म्हणाले, "त्या कोटवाल्याला तिथं कोण हुतं? एकटा पडला, म्हणून त्येला खरं आन् खोटं कळंना." मग वाटी उचलली आणि तोंडाला लावली. थोडी थोडी नव्हे. पलटणीत मगातला चहा पितात तशी, सगळी.

वाटी खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या आणि नातीकडं बघितलं.

"वीरधवलची सुट्टी कवापासनं हाय?"

शिवांजलीनं ताट मागं सारलं. मग ती म्हणाली, "अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसापासनं, आबा."

"मग त्यांच्या माणसास्नी उंद्याच बोलवा. आज्जीनं जमवलंय, ते मी मोडणार व्हय?"

पोरगी उठली आणि आजोबांच्या पाया पडता पडता तिथंच त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. बनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गल्ल्यावरच्या मालकाला काही कळलं नाही, पण त्यानंही हात थांबवला. मीसुद्धा चष्मा पुसायला काढला, तो तसा खरोखरच धुरकटला होता.

आणि बाळासो उभे राहिले. दिवसभराचं ओझं त्यांच्या छातीवरून उतरलं होतं. दुखवट्याच्या इतिहासात असला सिनेमा दाखवून असा दुखवटा कुणी काढला नसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. टेबलाच्या टोकाला, एकुलत्या एका उभ्या पंख्यापुढं येऊन त्यांनी हात जोडले. आज आपली ताई जिथं कुठं असेल तिथून बघत असेल, असं त्यांनी दाटलेल्या गळ्यानं सुरू केलं. तिचा आत्मा म्हणाले, दोन घरांचं नातं म्हणाले, सांगलीची माती आणि साताऱ्याची माती म्हणाले, आणि दोन्ही हात पसरले. सगळं हॉटेल त्यांच्याकडं बघत होतं.

नानासोंनीही मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"बाळासो," ते म्हणाले, "तेवढं जरा बाजूला सरकता का? वारं अडतंय."